रोग्याला नट करणारा डॉक्टर

नाटक म्हटले की आपल्याला गॅदरिंग आठवते. पाठ केलेले संवाद, विंगेतला प्रॉम्प्टर आणि शिट्ट्या मारणारी मागची रांग! पण संवाद नाहीत, प्रॉम्प्टर नाही, आणि नट म्हणजे खुद्द रोगी, असे नाटक मांडणारा एक डॉक्टर होऊन गेला. त्याची ओळख वाचकांना करून द्यावी असे मला वाटते.

जेकब लेव्ही मोरेनो यांचा जन्म १८८९ साली रुमानियातील बुखारेस्ट येथे झाला. पुढे ते कुटुंबासह व्हिएन्नाला आले. शिकत असतानाच ते बागेत मुले जमवून गोष्टी सांगत आणि त्यांच्याकडून आयत्या वेळी सुचेल तसे नाटक करवून घेत. १९१७ साली ते डॉक्टर झाले. नंतर त्यांनी संहितेविना नाटक करणारी मंडळी उभारली. तीत सोज्वळ भूमिका करणारी एक नटी होती. घरी मात्र ती फार संतापी, अशी नवऱ्याची तक्रार! मोरेनोंनी तिला मुद्दाम उर्मट बायकांच्या भूमिका दिल्या. तेव्हा घरातला संताप कमी झाला, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे.

१९२५ साली ते अमेरिकेस गेले. १९३६ साली न्यूयॉर्क राज्यात बीकन येथे त्यांनी रुग्णालय काढले व तेथे उपचारासाठी रंगमंच बांधला. या पद्धतीला त्यांनी सायकोड्रामा हे नाव दिले.

यात तीन टप्पे असतात. प्रथम खेळ, हालचाली व गप्पा यांनी मन सैलावते. मग एकजण आपल्या आयुष्यातला प्रसंग उभा करतो. समजा, वडिलांशी कधीच न झालेले बोलणे. गटातला कोणी वडील होतो. मध्येच जागा बदलतात आणि मुलाला वडिलांच्या तोंडून बोलावे लागते. शेवटी सर्वजण बसून, ते पाहताना स्वतःला काय आठवले ते सांगतात. सल्ला नाही, टीका नाही. अभिनय यावा लागत नाही. पुढे विकसित झालेल्या नाट्योपचारात तर मुखवटे, बाहुल्या व कल्पित कथा यांच्या आडूनही बोलता येते.

१९७४ साली बीकन येथेच मोरेनो निवर्तले. मनाचे दुखणे आपल्याकडे अजून झाकून ठेवतात. विचारले तर रोगी गप्प बसतो, आणि घरचे त्यालाच हट्टी म्हणतात. मला वाटते, सगळ्यांनाच आपले दुःख शब्दांत सांगता येत नाही. काहींना ते करून दाखवावे लागते. मोरेनोंनी अशांना जागा दिली, आणि पाहणारेही.