नजरेतून आजार ओळखणारे डॉ. नोशीर वाडिया

चालताना जाणारा तोल, अडखळणारी वाणी, हातांचा कंप, शरीराचा ताठरपणा. मेंदूतील पेशींचा हळूहळू ऱ्हास करणाऱ्या अनेक आजारांत ही लक्षणे थोड्याफार फरकाने आढळतात. त्यामुळे नेमके निदान करताना निष्णात डॉक्टरांचाही कस लागतो. या गुंत्यातून एक आजार केवळ रुग्णाच्या नजरेकडे पाहून वेगळा काढण्याचे श्रेय मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांच्याकडे जाते.

१९२५ मध्ये सुरत येथे जन्मलेल्या वाडिया यांनी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले. इंग्लंडमधील प्रशिक्षणानंतर १९५७ मध्ये मायदेशी परतून त्यांनी जे. जे. रुग्णालयात मेंदूविकार विभागाचा पाया घातला. स्कॅनच्या प्रतिमा उपलब्ध नसलेला तो काळ. रुग्णाची बारकाईने केलेली तपासणी हाच निदानाचा मुख्य आधार होता.

तोल जाण्याचा आनुवंशिक विकार असलेल्या काही रुग्णांची नजर एका वस्तूवरून दुसरीकडे झटकन न वळता संथपणे सरकते, हे त्यांच्या ध्यानात आले. अशा नऊ कुटुंबांचा अभ्यास त्यांनी सहकारी डॉ. स्वामी यांच्यासह १९७१ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात मांडला. हा स्वतंत्र आजार असल्याचे त्यांचे प्रतिपादन होते. १९९६ मध्ये ‘एससीए-२’ या विकाराचे जनुक सापडले. १९९८ मध्ये सहा भारतीय कुटुंबांच्या जनुकीय अभ्यासातून वाडिया व सहकाऱ्यांनी मंद नजरेचे निदानातील महत्त्व अधोरेखित केले.

तरीही गुंता पूर्णपणे सुटलेला नाही. ‘एससीए-२’ काही वेळा थेट कंपवाताच्या रूपात प्रकटतो. ‘पीएसपी’ या आजारातही नजर मंदावते. मात्र तेथे बहुधा वर-खाली पाहणे आधी बाधित होते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण ‘एससीए-२’ रुग्णाच्या प्रत्येक अपत्याला होण्याची शक्यता ५० टक्के असते. निदान चुकल्यास पुढची पिढीही अंधारात राहते.

जसलोक रुग्णालयातही दीर्घकाळ सेवा बजावणाऱ्या वाडिया यांना २०१२ मध्ये पद्मभूषण किताबाने गौरवण्यात आले. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. या आजारावर रामबाण उपाय अद्याप नाही आणि खात्रीसाठी जनुकीय चाचणी लागतेच. परंतु पहिली शंका घेण्यासाठी यंत्राची गरज नाही. जालना जिल्ह्यातील एखाद्या लहान दवाखान्यातही रुग्णाला आधी एका बोटाकडे, मग दुसऱ्या बोटाकडे पाहायला सांगता येते. वाडिया यांचा वारसा तो हाच.