एमपीथ्री, एएसी की फ्लॅक? आधी फूरियेला भेटा

आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी फोनवर वॅव फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड केल्या होत्या. स्टोरेज फुल झालं म्हणून त्यांच्या ६४ केबीपीएसच्या एमपीथ्री केल्या आणि मूळ फाइल्स डिलीट. आज आजी नाही. हेडफोन लावला की जात्याची घरघर पाण्याखालून आल्यासारखी वाटते. नेमकं काय हरवलं, हे शोधताना मी जोसेफ फूरियेपर्यंत पोहोचलो.

फूरियेचा जन्म १७६८ चा, फ्रान्समधल्या ओसेरचा. वडील शिंपी. लहानपणीच आई-वडील गेले. राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ मध्ये अटक झाली. रोबेस्पिएरची सत्ता पडली आणि तो सुटला. १७९८ मध्ये नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला. परतल्यावर नेपोलियनने त्याला ग्रनोबलला नेमलं, साधारण आपल्या कलेक्टरसारख्या पदावर.

ही नोकरी सांभाळत तो एका प्रश्नामागे लागला: वस्तूतून उष्णता पसरते कशी? ते सोडवताना त्याने मांडलं, की कितीही वेडावाकडा आकार साध्या लाटांची बेरीज म्हणून लिहिता येतो. १८०७ मध्ये हा निबंध पॅरिसला दिला, पण लाग्रांजसारख्या दिग्गजाला तो पटला नाही. फूरियेने हट्ट सोडला नाही. पुस्तक आलं थेट १८२२ मध्ये. १८३० मध्ये तो वारला. तेव्हा आवाज रेकॉर्ड करणारं यंत्रही नव्हतं!

मग आपल्या फोनशी काय संबंध? एमपीथ्री आणि एएसी याच कल्पनेवर चालतात. आवाजाचे छोटे तुकडे करून त्यातल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या काढतात. फूरियेच्या सगळ्या लाटा परत जोडल्या तर मूळ आकार मिळतो. एमपीथ्री मात्र मोठ्या आवाजाखाली दबलेले बारीक आवाज टाकून देते. बिटरेट कमी, तितकी काटछाट जास्त. एमपीथ्रीची पुन्हा वॅव केली तरी गेलेलं परत येत नाही, फाइल फक्त जाड होते.

थोडक्यात:

• वॅव: काहीच दाबत नाही. सीडीच्या दर्जाला मिनिटाला साधारण १० एमबी.
• फ्लॅक: फाइल बरीच लहान होते, पण आवाजातलं काहीच जात नाही.
• एमपीथ्री, एएसी: १२८ केबीपीएसला मिनिटाला साधारण १ एमबी. रोजची गाणी ऐकायला, पाठवायला मस्त.

घरच्या माणसाचा आवाज असेल तर फ्लॅक जपून ठेवा आणि पाठवायला त्यावरूनच एमपीथ्री बनवा. जागा हवी असेल तर आधी मीम्स उडवा. मूळ रेकॉर्डिंगला हात लावू नका.