महात्मा फुले : पुणे नगरपालिकेचे सभासद

आमच्या काळेवाडीत महापालिकेची निवडणूक जवळ आली, की उमेदवाराची जात, त्याचे मूळ गाव आणि त्याचा पक्ष यांवर चौकाचौकांत चर्चा झडते. निवडून आल्यावर तो कोणत्या कामाला आधी पैसा देईल, हा प्रश्न मात्र मागेच राहतो. मला यंदा प्रथमच मतदानाचा अधिकार मिळाला असल्याने या प्रश्नाचा विचार करताना पुण्याच्या एका जुन्या सभासदांची आठवण होते. मुलींची शाळा आणि सत्यशोधक समाज यांमुळे महात्मा जोतीराव फुले यांना आपण सर्वजण ओळखतो. परंतु १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते, हे फारसे सांगितले जात नाही.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली झाला. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांच्या धंद्यावरून ते फुले झाले. जोतीराव वर्षाचे होण्याआधीच आई चिमणाबाई वारल्या. वडील गोविंदराव यांनी मुलाला शाळेत घातले खरे, पण लोकांच्या सांगण्यावरून काढून मळ्याच्या कामाला लावले. पुढे शेजारचे गफार बेग मुनशी आणि लिजिट साहेब यांनी वडिलांची समजूत घातली, म्हणून शिक्षण पुन्हा सुरू झाले. एकदा हातून गेलेली शाळा त्यांना परत मिळाली होती. शाळेची किंमत त्यांना जन्मभर ठाऊक राहिली, ती यामुळेच असे मला वाटते.

१८४८ साली त्यांनी बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. तेथे सावित्रीबाई शिकवू लागल्या. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पोटासाठी ते बांधकामाची कंत्राटे घेत, खडकवासला धरणाच्या कामाला त्यांनी दगड पुरविला होता. त्यामुळे मजुराचे कष्ट आणि सार्वजनिक कामातला पैसा या दोन्ही गोष्टी त्यांनी जवळून पाहिल्या होत्या.

हाच अनुभव घेऊन ते नगरपालिकेत बसले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणेभेटीनिमित्त एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. बत्तीस सभासदांत विरोधी मत एकट्या जोतीरावांचे पडले. सरकारनेच नेमलेल्या सभासदाने सरकारच्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या स्वागताला विरोध करणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. १८८० साली शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्धही त्यांनी नगरपालिकेला लिहिले. मंडईची मोठी इमारत बांधण्याची योजना निघाली, तेव्हाही आधी शिक्षण, अशीच त्यांची भूमिका होती. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी हीच मागणी मांडली. शेतकऱ्याच्या करातून जमा झालेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्ची पडतो, त्याऐवजी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे त्यांनी सांगितले. घरातून महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या माझ्यासारख्या पहिल्या मुलाला या मागणीचे मोल वेगळे समजवावे लागत नाही.

१८९० साली जोतीराव निवर्तले. त्यांच्या विरोधानंतरही मंडईची इमारत १८८६ साली उभी राहिली होती आणि आज तिला महात्मा फुले मंडई म्हणतात. पुणेकरांनी त्यांचे नाव आदरानेच दिले आहे, यात शंका नाही. पण त्यांचे नगरपालिकेतले मत लक्षात ठेवायचे, तर आपल्या महापालिकेचे अंदाजपत्रकही आपण वाचले पाहिजे. स्वागताच्या कमानींना किती आणि महापालिकेच्या शाळांना किती, हा हिशेब मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारायचे मी ठरविले आहे. माझ्या वर्गमित्रांनीही तो विचारावा.