सर एडवर्ड मेलॅन्बी आणि मुडदुसाचे कोडे

विद्यार्थिमित्रहो, विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील कारखान्यांच्या शहरांतून फिरणाऱ्या मनुष्याला एक करुण देखावा वारंवार दृष्टीस पडे. धुराने काळवंडलेल्या अरुंद गल्ल्यांत खेळणाऱ्या मुलांपैकी कित्येकांचे पाय धनुष्याप्रमाणे वाकलेले असत. कोणाचे गुडघे एकमेकांस घासत, कोणाचे कपाळ पुढे आलेले असे, तर कोणाची मनगटे सुजल्यासारखी जाड दिसत. या रोगास आपण मुडदूस म्हणतो. त्याने मूल एकाएकी दगावत नसे. परंतु पुष्कळांना जन्माचे पंगुत्व येई, आणि मुलींच्या कमरेची हाडे आकसल्यामुळे पुढे बाळंतपणी त्यांच्या जिवावर बेतत असे. या रोगाचे मूळ शोधण्यात ज्यांनी आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली, त्या सर एडवर्ड मेलॅन्बी यांचे चरित्र आज थोडक्यात सांगावयाचे आहे. त्यांचा शोध जितका बोधप्रद आहे, तितकीच त्यांची एक चूकही बोधप्रद आहे. म्हणून दोन्हींचा विचार करू.

एडवर्ड मेलॅन्बी यांचा जन्म ८ एप्रिल १८८४ रोजी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील वेस्ट हार्टलपूल या बंदराच्या गावी झाला. त्यांचे वडील जहाजे बांधण्याच्या कारखान्यात व्यवस्थापक होते. बार्नार्ड कॅसल येथील शाळेत शिक्षण पुरे करून एडवर्ड केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांना फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्यासारखा गुरू लाभला. अन्नात पिष्ट, प्रथिने, स्निग्ध पदार्थ व क्षार एवढेच असून भागत नाही, तर आणखी काही द्रव्ये अत्यल्प प्रमाणात का होईना पण असावीच लागतात, हे ज्यांनी प्रयोगाने दाखविले, तेच हे हॉपकिन्स. या द्रव्यांना पुढे जीवनसत्त्वे हे नाव मिळाले, आणि हॉपकिन्स यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. अशा गुरूच्या हाताखाली तयार झालेल्या मेलॅन्बींनी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात वैद्यकाचे शिक्षण घेतले, आणि १९१३ पासून ते लंडनमधील स्त्रियांच्या किंग्ज कॉलेजात शरीरशास्त्र शिकवू लागले. १९१४ साली मे ट्वीडी या विदुषीशी त्यांचा विवाह झाला. या बाईही संशोधक होत्या. त्यांनी दातांच्या घडणीचा अभ्यास केला, आणि पतिपत्नींचे कार्य जन्मभर एकमेकांस पूरक ठरले.

त्या काळी मुडदुसाविषयी अनेक मते प्रचलित होती. कोणी त्यास स्पर्शजन्य रोग समजत, कोणी आनुवंशिक. ग्लासगो येथील संशोधक म्हणत की, कोंदट घरात डांबून ठेवल्यामुळे व व्यायामाच्या अभावामुळे हा रोग जडतो. याहून निराळा एक विचार बराच आधी मांडला गेला होता. जपानात मिशनरी डॉक्टर म्हणून काम करून स्वदेशी परतलेल्या थिओबाल्ड पाम यांना एका गोष्टीचे नवल वाटले. जपानात जो रोग त्यांच्या दृष्टीस पडला नव्हता, तो इंग्लंडात मात्र घरोघर होता. त्यांनी निरनिराळ्या देशांतील मिशनरी डॉक्टरांस पत्रे लिहून माहिती जमविली आणि १८९० साली असा निष्कर्ष प्रसिद्ध केला की, जेथे सूर्यप्रकाश भरपूर तेथे मुडदूस विरळ. परंतु पाम हे काही प्रयोगशाळेतील पंडित नव्हते. त्यांच्या लेखाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

१९१४ च्या सुमारास वैद्यकीय संशोधन समितीने मुडदुसाच्या कारणांचा शोध लावण्याचे काम मेलॅन्बींकडे सोपविले. महायुद्धाचा तो काळ. मेलॅन्बींनी कुत्र्याची लहान पिल्ले घेतली, आणि त्यांना ओटचे पीठ, पाव, साय काढलेले दूध असा गरीब कुटुंबांतील मुलांच्या खाण्यासारखाच आहार दिला. काही महिन्यांत पिल्लांचे पाय वाकले, सांधे जाड झाले. क्ष-किरणांनी घेतलेल्या चित्रांत व हाडांच्या रासायनिक परीक्षेत हाच तो मुडदूस असल्याचे सिद्ध झाले. मग त्यांनी एकेक पदार्थ पालटून पाहिला. यीस्ट दिले, संत्र्याचा रस दिला. उपयोग झाला नाही. जवसाचे तेल दिले. तरीही रोग हटला नाही. लोणी दिले, तेव्हा बरेच संरक्षण मिळाले. आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल दिले, तेव्हा पिल्ले रोगापासून पूर्णपणे बचावली. १९१८ व १९१९ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुडदूस हा अन्नातील उणिवेचा रोग असून ती उणीव विशिष्ट स्निग्ध पदार्थांनी भरून निघते, ही गोष्ट अशा रीतीने प्रथमच प्रयोगाने निर्विवाद ठरली.

आता त्यांच्या चुकीकडे वळू. स्निग्ध पदार्थांत विरघळणारे एकच जीवनसत्त्व तेव्हा ठाऊक होते. ते म्हणजे अ जीवनसत्त्व. तेही लोण्यात व माशाच्या तेलात असते. साहजिकच मेलॅन्बींनी अंदाज केला की, मुडदुसाला आवर घालणारे द्रव्य हेच, अथवा याच जातीचे दुसरे काही असावे. शिवाय त्यांची पिल्ले घरात ठेवलेली होती. त्यांच्या अंगावर ऊन पडत नव्हते. या गोष्टीचे महत्त्व त्यांच्या ध्यानी आले नाही. अन्न हेच कारण, अशी त्यांची खात्री होऊन बसली होती.

परंतु सत्य एका माणसाच्या अंदाजासाठी थांबून राहत नाही. १९१९ साली बर्लिन येथे कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदुसाने पीडित मुलांवर जंबुपार किरणांच्या दिव्याचा प्रकाश सोडून त्यांना बरे केले. एकाच हातावर किरण सोडले असता दुसऱ्या हाताची हाडेही सुधारतात, असे त्यांस दिसून आले. याचा अर्थ असा की, कातडीत काहीतरी द्रव्य तयार होऊन ते रक्तावाटे सर्व शरीरात पोहोचते. आपल्या नाशिक येथे हचिसन व शहा यांनी केलेल्या पाहणीचा वृत्तान्त १९२२ साली प्रसिद्ध झाला. गरिबांची मुले निकृष्ट अन्नावर वाढूनही उन्हात हिंडत असल्याने या रोगापासून मुक्त होती, आणि पडद्यात राहणाऱ्या सुखवस्तू घरांतून मात्र चांगल्या अन्नावर पोसलेल्यांनाही रोग जडत होता. त्याच साली अमेरिकेत एल्मर मॅक्कोलम यांनी माशाचे तेल तापवून व त्यातून हवा सोडून त्यातील अ जीवनसत्त्व नष्ट केले; तरी त्या तेलाने मुडदूस बरा होतच राहिला! तेव्हा हे द्रव्य अ नव्हे, निराळेच आहे, हे उघड झाले. त्यास ड जीवनसत्त्व असे नाव पडले. अन्नवाले व सूर्यप्रकाशवाले हे दोन्ही पक्ष एकाच घरात दोन दारांनी शिरत होते, असे अखेरीस ठरले.

हे द्रव्य शरीरात कसे शिरते व काय करते, हे आता आपण पाहू. तेलकट भांडे नुसत्या पाण्याने निघत नाही. त्यास राख, रिठा किंवा साबण लागतो. आपल्या आतड्यात रिठ्याचे हे काम पित्त करते. यकृतात तयार झालेले पित्त अन्नातील तुपातेलाचे अतिसूक्ष्म कण करते, आणि त्या कणांत विरघळलेली अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वे लहान आतड्याच्या अस्तरात शिरतात. तेथून स्निग्ध कणांवर स्वार होऊन ती प्रथम लसीकावाहिन्यांत व मग रक्तात जातात. म्हणून ज्याच्या पित्ताचा मार्ग अडलेला आहे, किंवा ज्याला स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, त्याच्या ताटात ही जीवनसत्त्वे असूनही नसल्यासारखीच होत. ड जीवनसत्त्वाचा दुसरा मार्ग कातडीचा. कोलेस्टेरॉलच्या जातीचे एक द्रव्य कातडीत असते. त्यावर सूर्याचे जंबुपार किरण पडले की त्यापासून ड जीवनसत्त्व बनते. साध्या काचेतून हे किरण बहुतेक येत नाहीत, आणि दाट धुरातही अडतात. इंग्लंडातील त्या गल्ल्यांचे दुर्दैव यातच होते.

दोहोंपैकी कोणत्याही मार्गाने आलेले हे द्रव्य तसेच उपयोगी पडत नाही. यकृतात त्याचे एक रूपांतर होते, आणि मूत्रपिंडात दुसरे. मगच ते कार्यक्षम होते. हा उलगडा १९७० च्या सुमारास, म्हणजे मेलॅन्बींच्या मागे झाला. तयार झालेले हे द्रव्य आतड्यास जणू आज्ञा देते की, अन्नातील कॅल्शियम आत घे. ती आज्ञा नसेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी जेमतेम १० ते १५ टक्के अंगी लागते. असेल तर ३० ते ४० टक्के. कॅल्शियम व फॉस्फरस पुरेसे न मिळाल्यास मुलाचे हाड वाढते, पण कठीण होत नाही, आणि अंगाच्या भाराने ते वाकते.

ई जीवनसत्त्व १९२२ साली कॅलिफोर्नियात हर्बर्ट एव्हन्स व कॅथरीन बिशप यांना उंदरांवरील प्रयोगांत सापडले. तेही पित्ताच्या साहाय्यानेच शोषले जाते. परंतु त्याचे काम निराळे. पेशींच्या वेष्टनातील स्निग्ध अंश प्राणवायूच्या माऱ्याने खवट होऊ नये, म्हणून ते राखण करते. गव्हाच्या अंकुराच्या तेलात व इतर वनस्पतिज तेलांत ते मिळते; पण त्या तेलांत ड मात्र नसते. जवसाच्या तेलाने मेलॅन्बींची पिल्ले का बचावली नाहीत, याचे उत्तर येथे मिळते.

मेलॅन्बी १९२० साली शेफील्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. आपला अंदाज चुकला म्हणून ते खट्टू झाले नाहीत. ड जीवनसत्त्वाचे अस्तित्व मान्य करून त्यांनी संशोधन पुढे चालविले. अ जीवनसत्त्वाच्या अभावी हाडांची वाढ बिघडून मज्जातंतू दाबले जातात, हे त्यांनी पुढे दाखविले. ओटच्या आहाराने रोग अधिक बळावतो, हे त्यांनी पूर्वीच हेरले होते. त्याचा उलगडा १९३९ साली झाला. धान्याच्या कोंड्यातील फायटिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवते, व ते आतड्यात शोषले जात नाही. महायुद्धात इंग्लंडला कोंडामिश्रित पिठाचा पाव खावा लागला, तेव्हा त्या पिठात खडूची पूड मिसळण्यात आली, ती याच ज्ञानाच्या आधारे.

१९३३ पासून १९४९ पर्यंत ते वैद्यकीय संशोधन परिषदेचे चिटणीस होते. १९३७ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. निवृत्त झाल्यावर ते आपल्या देशातही आले. लखनौ येथील केंद्रीय औषधी संशोधन संस्थेचे पहिले संचालक म्हणून १९५०-५१ साली त्यांनी तिची घडी बसवून दिली. पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते १७ फेब्रुवारी १९५१ रोजी तिचे उद्घाटन झाले. मायदेशी परतल्यावरही त्यांनी प्रयोगशाळा सोडली नाही. ३० जानेवारी १९५५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, ते निवर्तले.

मित्रहो, सूर्यप्रकाशाने न्हाऊन निघणाऱ्या आपल्या देशातही आज ड जीवनसत्त्वाची उणीव पुष्कळांत आढळते. कारण ऊन अंगणात असते, आणि आपण खोलीत. तेव्हा मैदानावरचा तास चुकवू नका. मात्र ड जीवनसत्त्व शरीरात साठून राहते आणि त्याचा अतिरेकही अपाय करतो. म्हणून वैद्याच्या सल्ल्यावाचून औषधे घेऊ नका.

ताटात वाढलेले सर्वच अंगी लागत नाही, हे मेलॅन्बींच्या शोधाने शिकविले. विद्येचेही तसेच आहे. जे आपण पचवितो तेच आपले होते, आणि पचविण्यासाठी स्वतःची चूक मान्य करण्याचा मोठेपणा लागतो. तो मेलॅन्बींपाशी होता. म्हणून त्यांचा अंदाज चुकूनही त्यांचे कार्य अजरामर झाले.