गावाचा हिशेब मांडणारा प्राचार्य

वेरूळला माझ्याकडे पाहुणे आले की मी त्यांना आधी कैलास लेण्याच्या वरच्या कड्यावर नेतो. आत शिरण्यापूर्वी ते वरून बघावे, असा माझा आग्रह असतो. डोंगर माथ्यापासून खाली फोडत आणलेले हे काम. कळस आधी झाला, पाया मागून. आपल्याकडे त्याची कथाही सांगतात. राजाच्या आजारपणात राणीने शिखर दिसेपर्यंत अन्न न घेण्याचा नेम धरला आणि पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराने वरूनच काम काढून तिला आठवड्याच्या आत शिखर दाखवले.

दगडाच्या कामात हे साधून गेले. शेतीत साधत नाही. तरीही शेतीच्या शिक्षणाचा आणि शेतीच्या कर्जाचाही सरकारी कारभार बहुधा याच रीतीने चालत आला आहे. इमारत आधी, हुद्दे आधी, योजना आधी. शेतकऱ्याचे घर कसे चालते ही चौकशी सगळ्यांत शेवटी. बँकेतल्या नोकरीची पुष्कळ वर्षे मी या भागातल्या शेतकऱ्यांचे सातबारे चाळण्यात घालवली. त्यामुळे हे लिहिताना बोट स्वतःकडेही वळते. म्हणूनच ज्या माणसाने प्राचार्याच्या खुर्चीत बसून पायापासून सुरुवात केली, त्याची गोष्ट आज सांगावीशी वाटते. त्यांचे नाव डॉ. हॅरॉल्ड मॅन.

मॅन यांचा जन्म 1872 साली इंग्लंडमधल्या यॉर्क गावी झाला. शिक्षणाने ते रसायनशास्त्रज्ञ. 1900 साली ते हिंदुस्थानात आले ते चहामळेवाल्यांच्या संघटनेचे शास्त्रीय अधिकारी म्हणून. आसामातल्या मळ्यांत हिंडून त्यांनी माती तपासली, चहावरच्या किडी आणि रोग अभ्यासले आणि जॉर्ज वॉट यांच्याबरोबर त्यावर ग्रंथ लिहिला. 1907 साली ते पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य झाले. पुण्यात शेतीचे वर्ग 1879 पासून सायन्स कॉलेजला जोडून भरत असत; आता स्वतंत्र कॉलेज उभे राहत होते. अभ्यासक्रम, प्रयोगशाळा, प्रक्षेत्र, सरकारशी पत्रव्यवहार, असा सगळा व्याप नव्या प्राचार्याच्या डोक्यावर होता. एवढ्या कामात एखाद्याची कारकीर्द सन्मानाने संपून गेली असती.

पण या माणसाला चौकशीचे वेड होते. राजापूरची गंगा मधूनच का प्रकटते आणि मधूनच का जाते, याचाही त्यांनी परांजपे यांच्याबरोबर शास्त्रीय शोध घेतला. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या विहिरींचे पाणी तपासले. त्याच वर्षांत पुण्यातल्या अस्पृश्य मानलेल्या जातींची राहणी आणि खेड्यातल्या महार कुटुंबांची स्थिती यांवरही लिहिले. शेती म्हणजे केवळ माती आणि बियाणे नव्हे, हे त्यांच्या ध्यानात येत चालले होते.

मग त्यांनी पुण्याजवळचे एक गाव निवडले, पिंपळे सौदागर. कॉलेजातल्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन त्या एका गावाचा संपूर्ण हिशेब मांडायला घेतला. जमीन किती, कोणाची, कुठे, पाणी कुठले, बैल किती, कर्ज किती, व्याज किती, घरात खाणारी तोंडे किती आणि वर्षाला लागते किती. पेशवाईतली जुनी कागदपत्रेही त्यांनी धुंडाळली. 1917 साली हा अभ्यास मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रविषयक मालेत प्रसिद्ध झाला. साहेबाने पुस्तकावर एकट्याचे नाव घातले नाही. सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे या सहकाऱ्यांची नावे बरोबर छापली. 1921 साली जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा दुसरा अभ्यास निघाला, तेव्हा एन. व्ही. कानिटकर सहलेखक होते. हेच कानिटकर पुढे कोरडवाहू शेतीचे मोठे जाणकार म्हणून ओळखले गेले. संस्थाचालकाचे मोठेपण मोजायचे असेल तर हाताखालची माणसे किती वाढली हे पाहावे, असे मला वाटते.

हिशेबातून निघाले ते मात्र सुखाचे नव्हते. 1771 साली पिंपळे सौदागरात एका खातेदाराकडे सरासरी 40 एकर जमीन होती. 1914-15 पर्यंत ती 7 एकरांवर आली होती. 156 खातेदारांची जमीन सातशेहून अधिक तुकड्यांत विखुरलेली, आणि त्यांतले चारशेहून अधिक तुकडे एकरभराच्याही आतले. शंभरावर कुटुंबे तपासली, त्यांतली केवळ जमिनीवर नीट भागणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली. काहींचे खडकीच्या दारूगोळा कारखान्यासारख्या बाहेरच्या मजुरीवर निभत होते. तीनांपैकी सुमारे दोन घरांचा ताळा कशानेच बसत नव्हता. जातेगावात तर पाण्याचाही आधार नव्हता. तिथली अवस्था याहून बिकट होती.

आता या निष्कर्षाचा अर्थ प्राचार्याच्या बाजूने पाहा. कॉलेज कशासाठी काढले? सुधारलेले बियाणे, सुधारलेला नांगर, चांगले खत यांनी पीक वाढेल आणि शेतकरी सावरेल, या विश्वासावर. त्याच कॉलेजचा प्रमुख आकडे मांडून दाखवत होता, की सात एकरांचे पाच तुकडे असलेल्या कर्जदाराला नुसत्या नांगराने तारता येणार नाही. अनुदान मागणाऱ्या संस्थेला हा निष्कर्ष सोयीचा नव्हता, सरकारला तर नव्हताच. अशा वेळी कागद कपाटात ठेवायची सवय आपल्या कचेऱ्यांना नवी नाही. मॅन यांनी तो छापला.

पुढे ते मुंबई इलाख्याचे शेतीसंचालक झाले. अधिकार वाढला, पण दुखणे मोठे होते. तुकड्यांना आळा घालणारे विधेयक 1927 साली मुंबईच्या कायदेमंडळात आले आणि विरोधामुळे बारगळले. लोक ज्याला तुकडेबंदी म्हणतात तो कायदा व्हायला 1947 साल उजाडले. मॅन 1927 साली निवृत्त झाले. जाताना त्यांनी वर्तमानपत्राला बजावून सांगितले, की रिकामे पोट हाच प्रगतीतला सर्वांत मोठा अडसर आहे. वीस वर्षे शेती सुधारणाऱ्या खात्यातला माणूस शेवटी बियाण्याबद्दल नव्हे, पोटाबद्दल बोलला. इंग्लंडात परतल्यावर ते वोबर्न येथील प्रयोगक्षेत्रावर अनेक वर्षे राबले. दख्खन मात्र डोक्यातून गेले नाही. इथल्या पाऊस आणि दुष्काळावरचे त्यांचे पुस्तक 1955 साली निघाले, तेव्हा ते त्र्याऐंशीच्या घरात होते. 1961 साली ते वारले.

वेरूळ तेव्हा निजामाच्या राज्यात होते. पुण्याचे कॉलेज इथून दूर आणि सरकारही वेगळे. मराठवाड्याला पहिले शेतकी कॉलेज 1956 साली परभणीला मिळाले, विद्यापीठ 1972 साली. तोवर पिंपळे सौदागरचा हिशेब छापून अर्धशतक उलटून गेले होते. आमच्यापर्यंत तो पोहोचायला आणखी वेळ लागला. माझ्यापर्यंत तर फारच उशिरा.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका शेतकऱ्याचे विहिरीचे कर्ज मंजूर केले होते. भावांच्या वाटण्यांत त्याला आलेली जमीन चार ठिकाणी होती. अर्जात क्षेत्राचा रकाना होता, पिकाचा होता, तारणाचा होता; खाणाऱ्या तोंडांचा नव्हता. विहिरीला पाणी लागले, पण ते एकाच तुकड्याला पुरले. बाकीचे तीन दुसऱ्यांच्या बांधांपलीकडे. हप्ते थकले, मी नोटिसा काढल्या. त्याने बैलजोडी विकून पैसे भरले आणि पावती घडी घालून टोपीत ठेवली. मी खात्यावर पूर्ण वसुलीचा शेरा मारला. त्या तिमाहीत माझ्या कामाचे कौतुकही झाले. काही वर्षांनी एका प्रशिक्षण केंद्राच्या ग्रंथालयात मॅन यांचे पुस्तक हाती लागले. ते वाचताना मला पिंपळे सौदागर दिसेना. ती टोपी दिसू लागली.

आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे. बांधांच्या जागी उंच इमारती आहेत. तिथला प्रश्न शेतीबरोबरच संपला. आमच्याकडे तो सातबाऱ्यावर अजून आहे, दर वारसनोंदीला थोडा वाढतो. कृषी पदवीची मुले शेवटच्या वर्षात गावात येऊन राहतात, चौकात रांगोळीने गावाचा नकाशा काढतात. मला ती मुले आवडतात. पण त्यांचे अहवाल कुठे जातात?

प्रत्येक शेतकी कॉलेजच्या प्रमुखाने आपल्या कारकिर्दीत एका गावाचा पुरा हिशेब मांडावा, सहकाऱ्यांची नावे घालून तो छापावा, आणि निष्कर्ष आपल्याच खात्याला अडचणीचा असला तरी छापावा. शंभर वर्षांपूर्वी एका परक्या माणसाने एवढे केले होते. आपल्याला तर गावची भाषाही येते.