विश्लेषण : होडी पाठवून बाजाराचा ‘सिग्नल’ आधी पकडणारे प्रेमचंद रायचंद १८६५मध्ये कसे बुडाले?

शेअरचे नाव टाइप केले की एआय एजंट आता स्वतःच तांत्रिक निर्देशक तपासून आणतो. आरएसआय किती, ५० दिवसांची सरासरी २०० दिवसांच्या सरासरीवर आहे का, हे सगळे काही सेकंदांत समोर येते. एजंटला जोडायची अशी सॉफ्टवेअर साधने तयार मिळतात. संग्रामपूर किंवा वरवट बकालमध्ये बसलेल्या माणसाला त्यासाठी दलाल स्ट्रीटवर कोणी ओळखीचे असावे लागत नाही. पण आकडे अचूक असूनही पैसा बुडतो का? सेबीच्या २०२४च्या अहवालानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला. मुंबईने याच प्रश्नाचे उत्तर १६० वर्षांपूर्वी पाहिले होते, आणि त्या गोष्टीच्या मुळाशी होता कापूस.

कोण होते प्रेमचंद रायचंद?

सुरतेच्या जैन व्यापारी घरात १८३१च्या सुमारास जन्मलेले प्रेमचंद लहानपणीच मुंबईत आले. इंग्रजी शिकले. इंग्रजी लिहू-बोलू शकणारे ते मुंबईतले पहिले देशी दलाल मानले जातात. १८४९मध्ये ते एका दलालाकडे कामाला लागले आणि पुढे तो व्यवसाय त्यांच्याच हाती आला. तेव्हा शेअर बाजाराला इमारत नव्हती. टाऊन हॉलजवळच्या वडाखाली सौदे होत आणि १८६०च्या आसपास साठेक दलाल होते. त्यांचे म्होरके प्रेमचंद.

१८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस थांबला. इंग्लंडची नजर हिंदुस्थानकडे वळली. गुजरातचा, खानदेशचा, वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरात येऊ लागला आणि भाव कित्येक पटींनी चढले. रेल्वे तेव्हा कुठे वऱ्हाडात पुढे सरकत होती. नागपूरला ती १८६७मध्ये पोहोचली आणि खामगावचा फाटा सुरू झाला १८७०मध्ये, म्हणजे तेजी ओसरून गेल्यावर. वऱ्हाडच्या नशिबी हे तेव्हाही होतेच.

लिव्हरपूलचे भाव टपालाच्या आगबोटीने येत. बोट धक्क्याला लागेपर्यंत बाकीचे व्यापारी वाट पाहत. प्रेमचंद मात्र आपल्या होड्या समुद्रात पुढे पाठवून भाव आधीच मिळवत, असे सांगितले जाते. आजच्या भाषेत, त्यांचा डेटा फीड इतरांपेक्षा काही तास वेगवान होता. या आघाडीवर त्यांनी प्रचंड पैसा कमावला.

मग चूक कुठे झाली?

कापसातून आलेला पैसा कुठे गुंतवायचा, हा मुंबईचा नवा प्रश्न होता. रोज नव्या बँका, वित्त कंपन्या, समुद्रात भराव टाकून जमीन तयार करणाऱ्या कंपन्या निघू लागल्या. कोणाला किती शेअर मिळणार, यात प्रेमचंद यांचा शब्द चाले. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५ हजार रुपयांचा शेअर ५० हजारांच्या घरात गेला. भराव अजून व्हायचा होता.

खरी गोम कर्जात होती. १८६३च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेवरची जुनी बंधने सैल झाली आणि कंपन्यांचे शेअर तारण घेऊन कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. या बँकेत सरकारचाही हिस्सा होता आणि प्रेमचंद यांचे तिथे मोठे वजन होते. शेअर तारण ठेवायचा, कर्ज उचलायचे, त्यातून आणखी शेअर घ्यायचे. खरेदीमुळे भाव चढला की तारणाची किंमत वाढे, मग आणखी कर्ज. भावच भावाला वर ढकलत होता.

इथे आजचे साधन काय म्हणाले असते, हे पाहण्यासारखे आहे. आरएसआय साधारणपणे मागच्या १४ दिवसांतली सरासरी वाढ आणि सरासरी घट यांची तुलना करून ० ते १०० मध्ये आकडा देतो. ७०च्या वर गेला की खरेदी जास्त झाली असे मानतात, पण जोरदार तेजीत तो तिथेच दीर्घकाळ राहू शकतो. सरासऱ्याही भावावरूनच निघतात. म्हणजे १८६४मध्ये बॅक बेची चढती सरासरी एजंटने बिनचूक सांगितली असती. भाव कोणाच्या कर्जावर उभा आहे, हे भावाच्या रकान्यात लिहिलेले नसते. बँकेचे ताळेबंद आणि अमेरिकेच्या बातम्या वेगळ्या मागवाव्या लागतात. त्या वाचायला सांगितले नाही, तर एजंट फक्त रकानाच वाचतो.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. बातमी मुंबईत पोहोचायला काही आठवडे लागले आणि कापूस कोसळला. मुदतीच्या सौद्यांचा हिशेब १ जुलैला पुरा करायचा होता. त्या दिवशी देणेकरी सगळे, घेणेकरी कोणी नाही. एकेकाळी २,८५० रुपयांवर गेलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर पुढे ८७ रुपयांना विकला जाऊ लागला. १८६६मध्ये खुद्द प्रेमचंद यांचे दिवाळे निघाले. १८६८मध्ये बँक गुंडाळली गेली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि ढिलाईने वाटलेली कर्जे चव्हाट्यावर आली.

त्यानंतर काय?

तेजीच्या भरात प्रेमचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि आई राजाबाई यांच्या नावाच्या मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये दिले होते. दिवाळे निघण्याआधीच पैसे दिले गेल्याने ते वाचले. राजाबाई टॉवरचे काम १८६९मध्ये सुरू झाले आणि १८७८मध्ये पुरे झाले. दृष्टी गेलेल्या आईला वेळ कळावी म्हणून घड्याळ बसवले, ही आख्यायिका मुंबईकर अजून सांगतात.

प्रेमचंद पुन्हा दलालीत उतरले. पूर्वीची श्रीमंती परतली नाही, पण बाजारातली पत बऱ्याच अंशी परतली. ९ जुलै १८७५ रोजी मुंबईच्या देशी दलालांनी आपली संघटना स्थापन केली, तिच्या संस्थापकांत ते होते. ३१८ सभासद, प्रवेश शुल्क १ रुपया. हीच संघटना आज बीएसई म्हणून ओळखली जाते, आणि एजंट ज्या शेअर्सचा आरएसआय काढतो त्यातल्या अनेकांचे भाव तिथूनच येतात. प्रेमचंद यांचे १९०६मध्ये निधन झाले.