फ्रिट्यॉफ नान्सेन

फ्रिट्यॉफ नान्सेन (१० ऑक्टोबर १८६१ – १३ मे १९३०) हे नॉर्वेचे ध्रुवसंशोधक, प्राणिशास्त्रज्ञ आणि मुत्सद्दी होते. ध्रुवीय प्रवासासाठी स्टोव्ह व इंधन यांची शास्त्रीय कसोटीवर निवड करणाऱ्या संशोधकांत त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

ग्रीनलंड मोहीम

१८८८ मध्ये नान्सेन यांनी पाच सहकाऱ्यांसह ग्रीनलंडचे हिमपठार पूर्वेकडून पश्चिमेकडे पार केले. या मोहिमेत स्पिरिटची शेगडी होती. तिची बरीच उष्णता वाया जाई आणि इंधनही मोजकेच असे. त्यामुळे चोहीकडे बर्फ असूनही प्रवाशांना तहानेने ग्रासले. पत्र्याच्या बाटल्यांत बर्फ भरून व त्या अंगाशी बाळगून ते पाणी मिळवीत. ध्रुवप्रदेशात स्टोव्ह हे अन्नाइतकेच पाण्याचेही साधन आहे, हे या अनुभवातून स्पष्ट झाले.

फ्राम मोहीम

१८९३ मध्ये निघालेले ‘फ्राम’ जहाज बर्फात अडकवून प्रवाहाबरोबर वाहू देण्यात आले. १४ मार्च १८९५ रोजी नान्सेन व यालमार योहानसेन कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन उत्तर ध्रुवाकडे निघाले. वाहत्या जहाजाकडे परतणे शक्य नसल्याने सोबतच्या सामानावरच त्यांचे प्राण अवलंबून होते.

या वेळी त्यांनी स्वीडनचा प्राइमस स्टोव्ह निवडला. महाराष्ट्रातील घरांत पुढे परिचित झालेला पंपाचा स्टोव्ह याच जातीचा. त्यातील दाब हाताने निर्माण करता येतो आणि रॉकेल वाफेच्या रूपात जळते. स्टोव्हवर शिजवण्याचे भांडे, त्याभोवती व वर बर्फ वितळवण्याची भांडी आणि बाहेरून आवरण अशी रचना होती. तिच्यामुळे सुमारे ९० टक्के उष्णता उपयोगी पडे. सुमारे २० लिटर रॉकेल जवळपास १२० दिवस पुरले. रोज दोन वेळचे गरम अन्न व मुबलक पाणी मिळाले.

८६° १४′ उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचून दोघे मागे वळले. फ्रान्झ जोसेफ लँड येथे दगडी झोपडीत हिवाळा काढताना त्यांनी चरबीच्या दिव्यावर अन्न शिजवले. ऑगस्ट १८९६ मध्ये ते नॉर्वेला सुखरूप परतले.

उत्तरायुष्य

१९२१ मध्ये राष्ट्रसंघाने त्यांची निर्वासितविषयक उच्चायुक्तपदी नेमणूक केली. राष्ट्रहीन निर्वासितांसाठीचे ‘नान्सेन पारपत्र’ त्यांच्या नावाने ओळखले जाते. १९२२ चे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना मिळाले. त्यांच्या धर्तीचा कुकर अमुंडसेन व स्कॉट यांच्या दक्षिण ध्रुव मोहिमांतही वापरला गेला.